चहाला थांबलेला टेम्पो

सनदशीर विरोधाचा हक्क हा लोकशाहीचा आत्मा आहे. लोणंदजवळच्या आमच्या नाक्यावर, दूधदराच्या आंदोलनात, हा आत्मा सकाळच्या धुक्यात शेकोटीशी हात शेकत बसला होता.

मी वकिलीचं पहिलं वर्ष पूर्ण केलं होतं. गावाला तेवढं पुरेसं वाटलं. आंदोलनात कायद्यानं काय चालतं, असं मला विचारलं. मी सांगितलं, कडेला उभं राहा, घोषणा द्या, दूध नेऊ नको म्हणून गाडीवाल्याला हात जोडून विनंती करा. वाट अडवायची नाही, धमकवायचं नाही, गाडीला हात लावायचा नाही. फौजदारांनीही तेच सांगितलं आणि डांबराच्या कडेनं चुन्याच्या फक्कीची रेघ मारून घेतली.

रस्ता दोन्ही टोकांना विरघळला होता. माणसं कमरेपासून वरच दिसत. घोषणा उठे आणि पिंजलेल्या कापसासारखी जवळच पडे. लांब कुठेतरी रेल्वेनं भोंगा दिला, तोही झोपेतच दिल्यासारखा. त्या पांढऱ्यातून दुधाचा टेम्पो आला, इतका सावकाश, की तो येतोय का आम्हीच त्याच्याकडे वाहत चाललोय, कळेना.

आमचे पुढारी निवृत्त सुभेदार. रेघेच्या आत राहून त्यांनी हात जोडले. "पाव्हणं, च्या घिऊन जावा."

आमच्याकडे चहाला नाही म्हणणं अपमान असतो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. दूधबंदीमुळे चहा कोरा होता. पहिला कप झाला, लगेच दुसरा आला. कपांना कायद्यात मर्यादा नाही.

फौजदारांनी विचारलं, "कुणी अडवलंय काय रं तुला?"

"न्हाई साहेब. च्याला बोलवलंय."

"मग बस निवांत."

धुकं उचललं आणि ऊन थेट कॅनवर आलं. ड्रायव्हरनं तिसरा कप हातातच धरला. "सुभेदार, दूध तापाय लागलंय. नासलं तर मालक माझ्याकडनं गाडी काढून घेतोय."

सुभेदारांनी शेकोटीत एक काटकी सारली. मागून एकजण हळूच म्हणाला, "अजून एकदा इनंती करू का?"

सुभेदारांची थोरली बहीण किटली घेऊन आली होती. तिनं ती खाली ठेवली. "च्याला बोलवायचं आन् मानसाचं पोट मारायचं? फौजंत ह्येच शिकलास व्हय रं?"

सुभेदार उठले. "जावा पाव्हणं. कप ठिवा हितंच."

टेम्पो सुरू होईना. बॅटरी बसली होती. मी कायद्याचं काही म्हणणार, तोवर सगळं आंदोलन फक्की तुडवत टेम्पोच्या मागं गेलं होतं. फौजदारांनी काठी काखेत मारली आणि उजव्या कोपऱ्याला खांदा लावला. उतारावर इंजिन धरलं. टेम्पो शीतकरण केंद्राच्या दिशेनं, उरल्यासुरल्या धुक्यात मिसळून गेला.

दुपारच्या बातम्यांत सांगितलं, आमच्या भागात दूधपुरवठा सुरळीत होता.