कमलेशची म्हैस

कमलेश आमच्या गल्लीतली. लेकीच्या घरात दूध असावं म्हणून बापानं लग्नात तिला मुऱ्हा म्हैस दिली होती. सात वर्षं तिनं नवऱ्याची, जयबीरची दारू आणि मार सोसला. मग मुलीला कडेवर घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी माहेरी आली. म्हैस सासरीच राहिली.

पुढं तिनं रोहतकच्या कोर्टात अर्ज केला. जयबीरचं म्हणणं, म्हैस इतकी वर्षं माझ्या चाऱ्यावर जगली, आता ती माझीच. कमलेशच्या वकीलबाई म्हणाल्या, "चारा तुमचा खरा, पण दूधही तुम्हीच प्यालात ना?" न्यायाधीशांनी सांगितलं, लग्नात बाईला मिळालं ते तिचं स्त्रीधन. ती वेगळी राहिली म्हणून ते नवऱ्याचं होत नाही. म्हैस आणि तिची पारडी, दोन्ही परत करा.

थोरला भाऊ रणसिंग आणि एक महिला पोलीस यांना घेऊन कमलेश टेम्पोनं सासरी गेली. जयबीरनं तोंड चुकवलं होतं. गोठ्यात सासू सरबती धार काढत होती. जयबीरनं हात उगारला की हीच मध्ये पडायची. त्यातच तिचं मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. मुलगा घरात काही देत नसे. चार घरी दूध घालून म्हातारी पोट भरायची.

तिनं धार पुरी केली, दावं सोडलं आणि कमलेशच्या हातात दिलं.

"ने. तुझीच आहे. मला ते कोर्टानं सांगायला नको होतं."

"मग आधीच का नाही पाठवलीत, आई?"

सरबती खाली बघत म्हणाली, "पाठवली असती तर मी काय खाल्लं असतं, पोरी?"

कमलेश दावं धरून म्हशीला टेम्पोकडं घेऊन गेली. म्हैस टेम्पोत चढली. पारडीचं दावं रणसिंग सोडायला लागला, तसा कमलेशनं त्याचा हात धरला. ही इथंच राहू दे, म्हणाली. हक्काचं कुणी असं सोडतं का, म्हणून तो वाटभर धुसफुसत राहिला.

नव्या गोठ्यात म्हैस पान्हा सोडेना. ती जरा रुळते तोच बातमी आली, जयबीरनं पारडी विकून टाकली. कमलेश वकीलबाईंकडं धावली. त्या म्हणाल्या, तू पोलिसांसमोर आपखुशीनं ठेवून आलीस, आता अवघड आहे.

होळीच्या सुमारास सरबती चालत चालत आली. नातीला जवळ घेतलं आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. पारडीविषयी दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना कमलेशनं तिला किटली भरून दूध दिलं.

आता म्हातारी आठवड्यातून दोनदा येते. रणसिंगला ते खपत नाही. मुलीची फी भरायची तर दूध विकायला हवं. कुठवर द्यायचं, हे कमलेशला अजून ठरवता आलेलं नाही. किटली मात्र ती भरतेच.