किल्टवरची टोपी

रिटायर झाल्यावर माणसं बागेत टोमॅटो लावतात, क्रूझवर जातात, फार तर ब्रिज खेळतात. आमच्या ह्यांनी बॅगपाइप घेतला. तोही लंडनच्या पिनर उपनगरातल्या सेमी-डिटॅच्ड घरात, जिथे शेजाऱ्यांचा टोस्टर उडाला तरी आम्हाला कळतं. सुरुवातीला त्या पिशवीतून जे काही बाहेर पडायचं त्याला हे सूर म्हणायचे, मी काहीच म्हणायचे नाही, फक्त मिक्सर लावायचे. पण माणूस चिकाटीचा. एका स्कॉटिश बाईंच्या बँडमध्ये दर आठवड्याला शिकायला जाऊ लागले, आणि एक दिवस बाईंनी त्यांना किल्टसकट, म्हणजे त्या चौकड्यांच्या घागऱ्यासकट, सगळा पोशाख देऊन टाकला. म्हणजे आता ते अधिकृत झाले.

किल्ट नेसून हे जिना उतरले तेव्हा पुढे सगळं सपाट आणि निऱ्या मागे. मला वाटलं, उलटा नेसलाय. मी खांद्याला धरून त्यांना फिरवायलाच निघाले होते.

"अगं, असाच असतो तो," हे कळवळून म्हणाले.

पुढे कमरेला केसाळ चंची लोंबत होती, पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे होते आणि डोक्यावर होडीच्या आकाराची काळी टोपी, उजव्या कानावर कललेली. खरं सांगायचं तर देखणे दिसत होते. मी तसं बोलून दाखवलं नाही, नाहीतर दिवसभर आरशासमोरून हलले नसते.

त्याच हिवाळ्यात ह्यांच्या टकलावर, डाव्या कानाच्या वर, एक खरबरीत डाग उठला आणि बरा होईना. हॉस्पिटलमध्ये तो कापून काढला. "स्किन कॅन्सरच आहे, पण त्यातल्या त्यात चांगला," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कॅन्सरमध्ये डावंउजवं करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी बजावलं, की हा पुन्हा येऊ शकतो, तेव्हा डोकं, कान आणि मान उन्हापासून जपायची. बाहेर पडताना रुंद काठाची हॅट, नेहमी. ज्या माणसानं पुण्यातले सगळे मे महिने बोडक्या डोक्यानं क्रिकेट खेळण्यात घालवले, त्याला उन्हाचा धाक घातला तो इंग्लंडनं. हे हसले. मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे.

जुलैत जवळच्या पार्कात उन्हाळी जत्रा होती आणि ह्यांना पहिल्यांदाच बँडबरोबर चालत वाजवायला मिळणार होतं. भर दुपारी, उघड्या मैदानात. ती होडीटोपी नेमकी उजवीकडे कललेली असल्यामुळे डावी बाजू, म्हणजे टाके घातलेली बाजू, उन्हाला आंदण दिलेली.

"हॅट नसेल तर बॅगपाइप नाही," मी जाहीर केलं.

"बँडमध्ये सगळे सारखे दिसायला लागतात गं."

"सगळ्यांचं डोकं कापलंय का?"

ह्यांनी गाडीची किल्ली उचलली, आणि आमची हॅटखरेदी सुरू झाली.

पहिली आणली ती अंपायर घालतात तशी पांढरी, ताटाएवढी. बॅगपाइपला तीन उभ्या नळ्या असतात, त्यांना ड्रोन म्हणतात, आणि त्या डाव्या खांद्यावर टेकवायच्या असतात. ह्यांनी पिशवी काखेत मारली, नळ्या खांद्यावर घेतल्या, आणि नळ्यांनी हॅटचा काठ असा ढकलला की हॅट थेट नाकावर आली. हे तसेच आंधळ्यासारखे वाजवत कपाटावर जाऊन आदळले. दुसरी गवती होती. ती ड्रोनखाली पिचून कुरकुरायची, आणि बागेत पहिल्याच वाऱ्याला शेजाऱ्यांच्या तळ्यात जाऊन पोहायला लागली. तिसरीला मागे मानेवर फडकं होतं. ती घालून हे शाळेच्या सहलीत चुकलेल्या मुलासारखे दिसत होते, शिवाय कान उघडेच. मी फेटा बांधून पाहिला. डोकं छान झाकलं गेलं, पण कान आणि मान तशीच, आणि हे आरशात बघून म्हणाले, "आता फक्त पुढे घोडा आणि नवरदेव पाहिजे."

दुकानातल्या एका पोरानं डावा काठ वर दुमडून बटणानं अडकवायची हॅट दाखवली. नळ्यांना जागा झाली म्हणून हे हरखले. मी म्हटलं, "वा! म्हणजे डॉक्टरांनी जे झाका म्हणून सांगितलं, तेवढंच उघडं." पोरगं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेलं.

आमची लेक, जन्मानं आणि बोलण्यानं इथलीच, व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होती. "आई, तो पांढरा हॅट किती क्यूट होता! बाबाचा डोकं एकदम कूल दिसत होता." तिच्या तोंडी सगळ्या जगाचं एकच लिंग असतं. बाबांचं डोकं कूल ठेवायचं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप, असं मी तिला सांगणार होते, पण तिची मीटिंग सुरू झाली.

शेवटी मी मशीन काढलं. पुण्यात मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवली ती डोक्याला, कानाला, नाकाला स्कार्फ गुंडाळून. ऊन कसं अडवायचं ते मला कोणी शिकवायला नको. गडद निळ्या सुती कापडाची मऊ, रुंद काठाची हॅट आणली. डाव्या बाजूचा काठ कापला आणि तिथे सैल, दुहेरी कापड शिवलं, कानावरून मानेपर्यंत येईल असं. नळ्या त्याच्यावर बिनतक्रार टेकायच्या, कापड त्यांच्याखाली दबून राहायचं. वाऱ्यात उडू नये म्हणून हनुवटीखाली नाडी लावली.

"नाडी?" हे म्हणाले. "किल्टला नाडी नाही, आणि टोपीला नाडी?"

"किल्ट उडाला तर तुमचा प्रश्न. टोपी उडाली तर माझा."

ह्यांनी चालून, वाजवून, मान वळवून पाहिलं. सगळं जमत होतं. राहता राहिल्या बँडच्या बाई. त्या शिस्तीच्या फार कडक होत्या, एकाचा मोजा खाली आला तरी सगळ्यांना थांबवायच्या. "मी बोलतो त्यांच्याशी," असं सांगून हे गेले आणि परवानगी घेऊन आले. इतक्या सहज कशी मिळाली, असं मी विचारलं. "समजूतदार आहेत बाई," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले. हा माणूस आपणहून चहा टाकतो तेव्हा कुठेतरी काहीतरी शिजत असतं.

जत्रेच्या दिवशी ऊन असं पडलं, की इंग्रज माणसं कपडे काढून गवतावर पसरली होती. माझा नवरा तेवढा नखशिखान्त लोकरीत आणि वर माझी टोपी. मी तंबूच्या सावलीत उभी होते. बँडच्या बाई माझ्याजवळ आल्या, थोडं अवघडून म्हणाल्या, "तुम्ही रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला ना."

"टक्कल काही लाज वाटण्यासारखं नसतं. माझ्या नवऱ्यालाही होतं. माणूस चांगला असला म्हणजे झालं."

मला काही अर्थबोध होईना. तसं त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांनी आम्हाला सांगितलंय. त्यांचं टक्कल चारचौघांत दिसलेलं तुम्हाला खपत नाही. टोपी काढली तर घरी जेवायला मिळत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी? मी टकलाची लाज धरणारी? खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. ऑपरेशन, टाके, डॉक्टरीणबाई, सगळं अगदी जिभेवर आलं. आणि मी मैदानाकडे पाहिलं.

हे घोळक्यात उभे होते. एका दांडगट ड्रमवाल्यानं त्यांच्या पाठीत थाप मारली, टोपीची नाडी ओढून काहीतरी चेष्टा केली, आणि हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आमच्या ओळखीत जिथे जिथे कळलं होतं, तिथे लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायचं, खुर्ची पुढे करायचं, "आता कसं आहे?" विचारायचं. त्यांच्या पाठीत थाप कोणीच मारत नव्हतं. इथे कोणाला काही माहीत नव्हतं. इथे ते आजारी नव्हते, फक्त बायकोला घाबरणारे होते.

तेवढ्यात ह्यांनी मला बाईंशी बोलताना पाहिलं. हसू गेलं. तिथूनच त्यांनी माझ्याकडे बघून मान हळूच आडवी हलवली. मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

मी बाईंकडे वळले. "नाही खपत," मी म्हटलं. "आमच्या घरात टक्कल बाहेर दाखवायची पद्धत नाही. तुम्हीही लक्ष ठेवा त्यांच्यावर."

बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते एखाद्या सासूकडे पाहावं तसं. मग ह्यांच्याकडे पाहिलं, फार दयेनं. आणि बँड उभा करायला निघून गेल्या.

हे वाजवत गेले आणि चुकले नाहीत. मला बॅगपाइपातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मिक्सर लावावासा वाटला नाही. मैदानाच्या त्या टोकाला बँड थांबला. घामानं निथळत ह्यांनी नाडी सोडली, टोपी काढली आणि रुमालानं टक्कल पुसायला लागले. ऊन सरळ त्या जागेवर पडलं होतं.

"अहो!" मी तंबूतून बाहेर येऊन, सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशी ओरडले. "टोपी!"

अख्खा बँड वळून बघायला लागला, गवतावरची माणसं उठून बसली. ह्यांनी घाईघाईनं टोपी घातली, नाडी बांधली, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. सगळे खो-खो हसले. त्यांना वाटलं, बिचारा माफी मागतोय.