रफीकचा एकट्याचा ऑर्केस्ट्रा

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला शाळेत वर्गावर होतो. त्याचा धाकटा भाऊ एवढंच बोलला, "भाई गेला, सर." मला धक्का बसला नाही आणि त्याचीच लाज वाटली. हा फोन कधीतरी येणार हे मला कळून चुकलं होतं… आणि मी गप्प राहिलो होतो.

रफीक अकोटला कापूस पिंजणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होता. लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, गायचाही. मी ढोलकीवर असायचो. पण कापसानं लागोपाठ दगा दिला, लग्नं आटोपशीर झाली आणि पाचजणांचा संच कुणाला परवडेना. कीबोर्डवाला पुण्याला गेला, बेसवाला सुरतेला, मी शाळेत अडकलो. उरला रफीक. त्यानं कुठंतरी लूपरबद्दल ऐकलं. पायानं बटण दाबायचं, वाजवलेलं त्यात भरलं जातं आणि परत परत वाजत राहतं; त्यावर आपण दुसरं काही वाजवायचं. तशी सोय असलेलं, गिटारचे निरनिराळे आवाज काढणारं स्वस्तातलं मल्टी-इफेक्ट्स यंत्र घ्यायला आम्ही दोघं अमरावतीला गेलो.

दुकानदारानं आधी शंभरेक आवाजांचं यंत्र काढलं. रफीकनं दोनच गोष्टी विचारल्या: लूप किती लांब भरतो आणि लाइट गेली तर सेलवर चालतं का. त्यात लूप तोकडा होता आणि सेलची सोय नव्हती. आमच्याकडे भारनियमन असं की वरात अर्ध्यावर मुकी व्हायची. शेवटी कोपऱ्यातलं एक साधं, जुनं यंत्र निघालं. आवाज मोजकेच, पण लूप लांब आणि सेलवर चालणारं. दुकानदार म्हणाला, यात आवाज कमी आहेत. रफीक हसला. "आवाज माह्याजवळ हायेत, शेठ. मले माणसं पायजेत."

त्यानं गिटारच्या लाकडावर बोटांनी ठेका भरला, त्यावर खर्जाच्या तारा, त्यावर सुरावट. बघता बघता आमचा सगळा संच त्या दुकानात उभा राहिला. मग गायला म्हणून त्यानं श्वास घेतला आणि खोकला आला. बटण चालूच होतं. पुढच्या फेरीत तोच खोकला ठेक्यावर परत आला. मग परत… रफीक पाय न हलवता ऐकत राहिला. "मी असाच खोकलून राहिलो काय, सर?" मी म्हणालो, प्रवासाची धूळ असेल. डॉक्टरकडे चल, एवढं म्हणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी बार्शीटाकळीच्या एका लग्नात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. रफीक एकटाच मंचावर होता, पाहुणे नाचत होते. मध्येच तो उठून कनातीमागं गेला. संगीत थांबलं नाही, म्हणून कुणाचं लक्षही गेलं नाही. मी मागं गेलो तर तो गुडघे धरून बसला होता. ओठ काळसर पडले होते, श्वास पुरत नव्हता. मी यंत्र बंद करायला वळलो, तर त्यानं माझा हात धरला आणि मानेनंच नको म्हणाला… मग दवाखाने झाले. फुप्फुसात कापसाचा धुरळा बसलाय, फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर अकोटला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, भाभींनी चहा ठेवला. हंगाम सुरू झालेला, समोरची जिनिंग धडधडत होती, बाहेर कापसाचा धुरळा उडत होता. खोलीत कोंदट झालं होतं, म्हणून मी उठून बंद खिडकी उघडायला हात घातला.

"राहू द्या, भाऊ," भाभी म्हणाल्या. "त्याईले चालत नाही."