आधी ओल बघा

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर मला चैन पडणार नाही. आमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतले भट्टीचे मिस्त्री सकाळी आले की आधी उकिडवे बसायचे आणि उलटा तळहात जमिनीला लावायचे. तापलेल्या पोराचं कपाळ बघतात ना, तसं. मग म्हणायचे, "आधी ओल बघा, मग मला रामराम घाला."

मी तिथं टायपिस्ट. राजारामपुरीतनं सायकलवर यायचे. पहिल्याच आठवड्यात पाण्याचा तांब्या घेऊन भट्टीजवळनं निघाले, तर मिस्त्री आडवे आले.

"पोरी, हितनं पाणी न्यायचं न्हाय. लांबनं जा."

मला रागच आला. तेव्हा त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, चकाकती. "साच्यात वाटीभर बी पाणी नव्हतं. वर लोखंडाचा रस पडला आणि बाँबगत उडाला. माझं एवढ्यावर भागलं. जोडीदाराचे डोळे गेले."

समोरच्या घरातल्या बाईंना तर ते रोज हात जोडायचे. "वैनी, सडा तुमच्या दारात घाला की, आमच्या दारात कशाला?"

"फुकट घालतोय तर ह्यांचा रुबाब बघा," वैनी म्हणायच्या.

गेल्या उन्हाळ्यात नवी भट्टी पेटली. मालकांचे सासरे खास पाहुणे. रस सोडायची वेळ झाली आणि सासऱ्यांनी नारळ उचलला, रस पडतो त्या कडेवरच फोडायला. मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"पावणं, नारळ भायेर."

"अहो, शुभ काम आहे," मालक म्हणाले.

"व्हय की. म्हणून तर. नारळात पाणी हाय, आणि हितं आठ माणसं उभी हायत."

"भट्टी कुणाची आहे?"

"तुमची. माणसं माझ्या भरवशावर हायत."

त्यांनी नारळ काढून घेतला, फाटकाबाहेर जाऊन फोडला आणि पहिला तुकडा सासऱ्यांनाच आणून दिला. सासऱ्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला पत्र सांगितलं. पाहुण्यांचा अपमान केला म्हणून मिस्त्री कामावरून कमी. मी नेहमीच्या वेगात बडवलं, एकही चूक नाही. मिस्त्रींचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचूनही मलाच दाखवावं लागलं. तेव्हा कुठं मी 'कमी' या शब्दावर थांबले. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "आता माझा बी एक कागद चढव मशीनवर."

मला वाटलं, भांडणाचा असणार.

"मालकांना लिव. नव्या भट्टीवरचं छप्पर एका जाग्याला उघडं हाय. पावसाच्या आत बुजवून घ्या. खाली माणसं असत्यात." मग म्हणाले, "शेवटाला 'आपला' लिव."

मालकांनी कागद वाचला. चार दिवसांत छप्पर बुजलं. मिस्त्रींना मात्र बोलावणं गेलं नाही. पावसाळा संपला, आठही माणसं धडधाकट आहेत.

एकाच सकाळी, एकाच मशीनवर मी ते दोन्ही कागद टाइप केले. पहिला करताना एकदाही थांबले नाही. तुमच्या हातनं असं कधी झालंय का? खरं सांगा.