तोंडाकडं बघून बोला

कुणाच्याही कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवूनच जन्माला आलेला एक माणूस मी पाहिला आहे, आणि नेमकं आमच्या गल्लीचं पाणी त्याच्याच हातात आहे. सोलापुरात ज्याच्या हातात पाणी, त्याच्याशी वाकडं घ्यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, पाहुण्यांना बोलवत नाही, आणि सात रस्त्याच्या मागे आमच्या गल्लीत तर साखरपुडेसुद्धा पाण्याचा दिवस टाळून ठरतात. अशा दिवशी पहाटे उजाडता उजाडता एक काटकुळे, साठीला टेकलेले गृहस्थ सायकलवरून येतात. सायकलच्या दांड्याला कमरेएवढी उंच लोखंडी चावी बांधलेली असते. रस्त्यातलं झाकण उचलून ते खालच्या व्हॉल्व्हला ती चावी लावतात आणि फिरवतात, की मग गल्लीत जीव येतो. हे आमचे चावीवाले मामा.

मामांशी बोलायचं म्हणजे कोर्टात साक्ष द्यायला उभं राहायचं. तुम्ही काहीही सांगा, मामा डोळे बारीक करून तुमच्या चेहऱ्यावर रोखतात आणि म्हणतात, "परत बोला." तुम्ही परत बोललात की, "हिकडं, तोंडाकडं बघून बोला." तेवढ्यात आपल्याला स्वतःचीच शंका यायला लागते. एकदा माझी दाढ दुखत होती म्हणून मी तोंडाला पदर गुंडाळून फाटकात आले आणि म्हटलं, "मामा, आज धार फार बारीक आहे." मामा म्हणाले, "पदर काढा आन मग बोला. तोंड झाकून बोलनारा मानूस खोटं बोलतोय." मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. मला नीट बोलायला सांगणारा हा पहिलाच माणूस. सुजलेला गाल उघडा करून मी धारेची तक्रार पुन्हा केली, तेव्हा कुठे त्यांनी चावीला अर्धा फेरा जास्त दिला.

मिशीवाल्यांवर त्यांचा विशेष राग. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे अण्णा हे आमच्या गल्लीचे स्वयंघोषित पुढारी, आणि त्यांची मिशी वरच्या ओठावरून थेट खालच्या ओठावर उतरलेली. अण्णांनी तोंड उघडलं रे उघडलं की मामा म्हणत, "तुमी मिशीत काय बोलताय ते तुमालाच ठावं. आदी कापा, मग तक्रार करा." तोंडात तंबाखू धरून बोलणाऱ्यांना ते उभंच करत नसत. फोनचं तर नावच नको. नंबर सगळ्या गल्लीकडे होता, पण मामांनी फोन उचलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. विचारलं तर म्हणत, "फोनात तोंड दिसत न्हाय. तोंड दिसत न्हाय तितं इस्वास कसला ठेवायचा?" आणि करोनात सगळ्या जगानं तोंडावर मास्क चढवले, तेव्हा तर मामा पार बिथरले. झाकणावर बसून राहिले आणि म्हणाले, "तोंड दावल्याबिगर पानी न्हाय." शेवटी एकेका घरातलं एकेक माणूस दारात यायचं, मास्क हनुवटीवर ओढायचं, तक्रार सांगायचं आणि मास्क चढवून आत पळायचं. अण्णांनी मास्क उतरवला तरी मिशी होतीच, त्यामुळे त्यांची तक्रार तशीच राहिली.

मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांना पकडायची त्यांची रीत तर बघण्यासारखी होती. व्हॉल्व्ह उघडला की चावीवर तळवा टेकवायचा, कधी दांड्याला हनुवटी लावायची आणि डोळे मिटायचे. मग डोळे उघडून बोट दाखवायचं, "तिसरं घर. मोटर चालू हाय." तिसरं घर अण्णांचं. अण्णा शपथा घेत, मामा मिशीकडे बघत, आणि पाच मिनिटांत मोटर बंद होई.

आता संशय काही एकट्या मामांच्याच मालकीचा नव्हता. आमचा त्यांच्यावर त्याहून जास्त होता. वरच्या गल्लीला हा माणूस दहा मिनिटं जास्त देतो, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. मी स्वतः घड्याळ घेऊन गच्चीवर बसलेली आहे. त्यात एक दिवस अण्णा कोरे कागद घेऊन आले. "बाई, मराठी तुमची, सह्या आमच्या. मामा कंत्राटावरचा मानूस हाय. पालिकेत सह्यांचा एक अर्ज गेला की दुसऱ्या दिवशी नवा मानूस येतोय की." मला खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण निवृत्त मास्तरणीला कुणी अर्ज लिहायला सांगितला की तिच्या अंगात काय संचारतं हे तुम्हाला ठाऊक नाही. 'संशयी व उद्धट वर्तन', 'दूरध्वनीस प्रतिसाद न देणे', 'नागरिकांच्या मुखाकडे अकारण रोखून पाहणे' अशी कलमं मी चवीनं लिहिली. गल्लीनं सह्या केल्या. अर्ज माझ्या कपाटात होता आणि सोमवारी जायचा होता.

त्या आधीच्या पाण्याच्या दिवशी मी माडीवरच्या खिडकीत उभी होते. धूळ नको म्हणून काचा घट्ट लावलेल्या, आत सुनेनं मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी लावलेली. खाली मामा चावी फिरवता फिरवता वर बघत होते. मामांवरची नजर न काढता मी मागे सुनेला ओरडून सांगितलं, "आता यांना घालवायलाच हवं. सोमवारी अर्ज देऊन टाकते." सोमवारी नेमका मला ताप भरला आणि अर्ज राहिला. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी फाटकात गेले, तर मामा मान वर न करता म्हणाले, "बाई, अर्ज सोमवारी जानार व्हता न्हवं?" माझ्या हातातली बादली खाली आली. बंद काच, चालू मिक्सर, आणि या माणसाला शब्दन् शब्द ठाऊक! मी सुनेवर संशय घेतला. चार दिवस ती कुणाशी बोलते, कुणाला चहा देते यावर पाळत ठेवली. बिचारीनं दूधवाल्याशीसुद्धा बोलणं सोडलं.

मग तो टेम्पोचा दिवस आला. अण्णांचं दुकान अजून उघडायचं होतं, गल्लीत कुणी नव्हतं. चादरींचे गठ्ठे भरून नवी पेठेत निघालेला टेम्पो वाट चुकून आमच्या गल्लीत शिरला आणि पुढे वाव नाही म्हणून मागे यायला लागला. मागे येताना वाजणारं ते गाणं ठणाणा चाललेलं, वर ड्रायव्हर हॉर्न मारतोय. आणि मामा टेम्पोकडे पाठ करून, झाकणावर वाकून, शांतपणे चावीचे फेरे मोजताहेत. मी खिडकी उघडून जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. मामांनी मान हलवली नाही. मी अनवाणी जिना उतरले, धावले आणि त्यांचा खांदा धरून त्यांना बाजूला ओढलं. टेम्पो त्यांच्या सायकलला चाटून थांबला. मी संतापानं ओरडले, "मामा, ऐकू येत नाही का तुम्हाला?" मामा माझ्या ओठांकडे बघत राहिले. आणि पहिल्यांदाच 'परत बोला' म्हणाले नाहीत.

ड्रायव्हर निघून गेल्यावर मामा आमच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "वीस वर्सं चादरीच्या मागावर व्हतो, बाई. शंभर माग एकदम खडखडायचे. तितं कोन कुनाचं ऐकतंय? समद्यांनी तोंड बघूनच बोलायचं. घरची तेलुगू, मालकाची मराठी, दोनी ओठांवरनं कळतात मला. कारखाना बंद पडला तवर कान गेले व्हते. हितं घेताना कुनी कान तपासले न्हाईत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते नेहमीसारखं रोखून नव्हे. "लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्स हाय. अर्ज द्या तुमी, मी न्हाय म्हनत न्हाय. संशयी लिवा, भांडकुदळ लिवा, लई वंगाळ मानूस हाय म्हनून लिवा. कानाचं तेवडं लिवू नका. संशयी मानूस कामावर ऱ्हातोय, बाई. बहिऱ्याला उद्या घरी बसवतील."

मला माझीच लाज वाटली. वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या मुलींची मी स्वतः चौकशी करत असे, एकदोघींना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. दरवर्षी जिद्दीवर निबंध लिहायला देत असे आणि थोरामोठ्यांची नावं फळ्यावर काढत असे. आणि माझ्याच खिडकीखाली एक माणूस इतकी वर्षं एकट्यानं ही लढाई लढत होता, तर मी त्याच्यावर कलमं लिहीत होते. वरच्या गल्लीला जास्त वेळ पाणी सोडतात याचंही कारण त्या दिवशी मामांनी एका वाक्यात सांगितलं. ती गल्ली चढावर आहे, पाणी तिथे चढायलाच दहा मिनिटं लागतात. गच्चीवर घड्याळ घेऊन बसण्यापेक्षा मी एकदा रस्त्यावर उभं राहून पाहिलं असतं तरी चाललं असतं.

अर्ज हरवला असं मी अण्णांना सांगितलं. अण्णांना अर्थातच ते पटलं नाही. "बाईंना टाकीभर जास्त मिळतंय वाटतं," असं गल्लीत सुरू झालं, आणि एकदा अण्णा काठी घेऊन माझी टाकी मोजून गेले. सून माझ्याशी आता पुन्हा नीट बोलते. मी मुलाच्या जुन्या स्कूटरचा आरसा मामांना दिला. तो त्यांनी चावीच्या मुठीला तारेनं बांधला आहे, मागून येणारी वाहनं दिसावीत म्हणून. गल्ली म्हणते, आता याला पाठीमागूनही सगळ्यांवर नजर ठेवायची आहे. लेकीची परीक्षा झाली की स्वतःच पालिकेत जाऊन कानाचं सगळं सांगणार आहे, असं मामा म्हणतात.

पाण्याच्या दिवशी मी खिडकीत उभी राहते, काचा लावलेल्याच असतात. मामा चावी फिरवतात, तळवा टेकवतात आणि वर बघतात. पाणी यायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरातला नळ दोनदा खोकतो, मग त्यातून नुसती हवा सुसाटते. त्या आवाजासाठी सगळी गल्ली कान देऊन बसलेली असते. हा आवाज घरोघर पोचवणाऱ्या माणसानं तो एकदाही ऐकलेला नाही. तो नुसते ओठ हलवून मला विचारतो, "आला का?" मी आत कान देते, नळ खोकला की काचेजवळ जाऊन आवाज न करता सांगते, "आला." मामा डोळे बारीक करतात. माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघतात.

"परत बोला," ते म्हणतात.

मी परत बोलते. "आला, मामा. आला."