ज्यांनी शिकवलं, त्यांना कसं सांगायचं

"ती आक्का लई शिष्ट हाय बघ. इंग्लिश मीडियमची न्हवं!"

हॉलच्या मागच्या नळावर मी बाटली भरत होते. भिंतीपलीकडे चपला काढता काढता कुणीतरी माझ्याबद्दल हे बोललं. दुसरी म्हणाली, "शिष्ट न्हाय गं. तिला सगळं कळतंय, मग आपल्यासंगं काय बोलंल ती?" हा दुसरा आवाज ओळखीचा होता. माझ्याच वाट्याला आलेल्या मुलीचा.

वाट्याला म्हणजे असं. घरात पहिल्यांदाच कॉलेजला निघालेली मुलं निवडून एक ट्रस्ट आमची फी भरायचा. त्यांची एक रीत होती. बारावीतल्या प्रत्येकाकडे अकरावीतलं एक मूल सोपवायचं. दर रविवारी बेळगावात आमचा अकरावी-बारावीचा एकत्र क्लास असे, त्याआधी या जोड्यांनी बसून बोलायचं. काय बोलायचं ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझी सगळी अडचण तिथेच होती.

माझी जोडीदारीण बेळगावजवळच्या येळ्ळूरची. वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात, फौंड्रीत कामाला, आई शेतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून ती सायन्सला आली होती, कारण तिला नर्स व्हायचं होतं. हॉलच्या जिन्यात बसून ती बोलायची आणि मी ऐकायचे. म्हशीनं कुणाला लाथ मारली, बसमध्ये कुणाचं कुणाशी भांडण झालं, सगळं. बोलता बोलता डबा पुढे सरकवायची. "घे की आक्का! पाहुण्यागत काय बसलीस?"

मी कोगनोळीची. हायवेला वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. गाडीची काच खाली करून इंग्रजीत बोलणारी माणसं बघून त्यांनी मला निपाणीच्या इंग्लिश मीडियममध्ये घातलं. संध्याकाळी ते माझी वही उघडून लाल बरोबरच्या खुणा तेवढ्या बघायचे आणि आईला हाक मारून दाखवायचे. त्या खुणांसाठी मी पानंच्या पानं पाठ करायला शिकले. शाळेत चुकून घरची बोली तोंडातून गेली की मुली हसायच्या. त्यामुळे आधी मनात वाक्य जुळवायचं आणि जमलं तरच बोलायचं, अशी सवय लागली. बहुतेक वेळा जमायचं नाही.

एका रविवारी येळ्ळूरच्या मुलीनं विचारलं, "आक्का, केमिस्ट्रीतलं ह्ये मोल म्हंजे काय असतंय गं?"

मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत एका दमात म्हणून दाखवली. ती तोंडाकडे बघत राहिली.

"कळलं?"

"व्हय," ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. वर्षभर मीही तशीच बघत आले होते.

क्लास घेणारे सर रिटायर झालेले. एक रुपया न घेता यायचे. स्कूटर लावून, मफलर काढून, खिशातल्या रुमालानं आधी फळा पुसायचे. शिकवायचे मनापासून, पण फार भरभर आणि सगळं इंग्रजीत. मग आमच्याकडे वळून विचारायचे, "एनी डाउट्स?" अख्खा हॉल एका सुरात म्हणायचा, "नो सर!" सर खूश व्हायचे. त्यांचा चेहरा तसा फुललेला बघायला आम्हालाही आवडायचं.

आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एक शिकवण असते. कुणी मायेनं जेवायला वाढलं तर मीठ कमी आहे म्हणायचं नाही. गुपचूप जेवायचं आणि छान झालंय म्हणायचं. आम्ही तोच नियम सरांच्या शिकवण्याला लावला होता. फी दुसऱ्याची, सर फुकट शिकवणारे, त्यात आणि समजलं नाही म्हणायचं? कुठल्या तोंडानं?

नळावर ते बोलणं कानावर आलं त्या दिवशी ती जिन्यात आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आक्का, आजचा दिवस शेवटचा हां. पुढच्या रविवारपासनं न्हाय येणार मी. कॉलेज बी सोडतोय. गावातच शिवणक्लास लावणार."

"आणि नर्सिंग?"

"माझं डोस्कं न्हाय गं तेवढं. समद्यास्नी कळतंय, मलाच कळंना. तू तर कशी घडाघडा सांगतीस! उगं कुणाची तरी जागा अडवून कशाला बसायचं?" ती हसतच बोलत होती. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिनं माझ्या हातावर ठेवला. "आईनं तुझ्यासाठी म्हणून दिलाय. तिला वाटतंय तू मला शिकवतीस."

मी लाडू हातात घेऊन बसले. सांगायचं होतं ते मनात जुळेना. तोवर स्कूटरचा आवाज आला आणि सगळे आत गेलो.

त्या दिवशी सरांनी पुन्हा मोलच घेतलं. फळा भरला, पुसला, परत भरला. मग वळून त्यांनी विचारलं, "एनी डाउट्स?"

"नो सर!" शेजारून तिचाही आवाज आला, अगदी खणखणीत. सोडून जातानाही तिला सरांचं मन दुखवायचं नव्हतं.

सर पुढचा धडा काढायला लागले आणि मी उभी राहिले. बाक करकरला. सगळ्या माना वळल्या. तिनं खालून माझी ओढणी ओढली, "आक्का, बस की गं!" मी इंग्रजीत वाक्य जुळवत होते, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"सर, मला न्हाय समजलं. गेल्या वर्षी बी समजलं नव्हतं. नुसतं पाठ केलतं."