कुणालाच न कळलेला बिघाड

माझी थोरली लेक रुदैना अम्मानमध्ये ज्या कंपनीत आहे, ती बारावीचे निकाल वेबसाइटवर दाखवते. गेल्या वर्षी निकालाच्या सकाळीच ती साइट कोसळली. संध्याकाळी शेजारची उम्म सुफ्यान आमच्या दारात येऊन म्हणाली, "तुझ्या लेकीनं माझ्या पोराचा जीव टांगणीला लावला गं!" रुदैना आतून ऐकत होती.

मग तिनं सगळं नव्यानं बांधायला घेतलं. एका जागची यंत्रं तीन शहरांत वाटली, निकाल तिन्हीकडे ठेवले. गर्दी वाढली की पडद्यावर "थांबा, तुमची पाळी येतेय" असं दाखवायचं ठरवलं. साहेब चिडले. "लोक शिव्या घालतील, बाई!"

"घालू देत. पान उघडेना की जो तो पुन्हापुन्हा बटण दाबतो. यंत्रं गुदमरतात ती त्यानंच."

"यंदा कोसळलं तर राजीनामा द्यायचा."

ही "बरं" म्हणून घरी आली. माझी झोप उडाली. त्यात धाकटा कुसय याच वर्षी परीक्षेला!

निकालाआधीच्या तालमीत तिनं मुद्दाम एका शहरातली यंत्रं बंद केली, आणि सगळंच आडवं झालं. दुरुस्त केलं, पुन्हा बंद केली.

"चालत्या गोष्टीला कशाला हात लावतेस?" मी म्हटलं.

"यम्मा, पडायचं तर आत्ताच पडू दे. आत्ता सावरता येतं."

निकालाच्या दिवशी कुनाफ्याच्या मिठाईचं ताट तयार होतं. पडद्यावर "थांबा". माझा अंगठा शिवशिवायला लागला.

"यम्मा, ताईची नोकरी घालवशील!" कुसय ओरडला. मी हात मांडीखाली दाबला. पण राहवेना, रुदैनाला फोन लावला.

"इर्बिद शहरातली यंत्रं बंद पडलीत," ती म्हणाली. "वीज गेली."

"या अल्लाह! मग?"

"मग काय? उरलेल्या दोन्हीकडची ओढताहेत. जरा सावकाश, एवढंच. तू बटण दाबलंस?"

"नाही गं!"

"शपथ?"

तेवढ्यात पान उघडलं. कुसय पास! रस्त्यावर पास झालेल्यांच्या गाड्यांचे भोंगे आधीच सुरू झाले होते.

संध्याकाळी उम्म सुफ्यान कुनाफा खायला आली. "यंदा भाचीचा निकाल पटकन दिसला बाई. मुलंच कमी बसली असतील."

मी तोंड उघडणार, तोच रुदैनानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"असतील, खाला," ती हसू दाबत म्हणाली. "अजून थोडा कुनाफा घ्या ना."